दुसऱ्याचे मार्क मागायचेत? मग पुणे कोर्टाच्या क्लार्क भरतीची केस आधी वाचा

२०१८ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिकाच्या जागा निघाल्या. पगार काही डोळे दिपवणारा नाही, पण नोकरी सरकारी, कायमची आणि त्यातून शिवाजीनगरला, त्यामुळे अर्ज किती आले असतील ते सांगायला नको. लेखी झाली, टायपिंग झालं, मुलाखती झाल्या आणि शेवटची यादी लागली. मुलाखतीपर्यंत पोचलेल्या एका उमेदवाराचं नाव त्यात नव्हतं. त्याने थयथयाट वगैरे काही केला नाही, सरळ माहिती अधिकारात अर्ज टाकला की मला किती मार्क पडले आणि बाकीच्यांना किती पडले ते द्या.

उत्तर आलं, देता येणार नाही.

नकाराला दोन आधार होते आणि ते वेगवेगळे धरायला हवेत, कारण सगळी गोम तिथे आहे. पहिला आधार माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती (मराठी प्रतीत हे उपकलम (ञ) असं छापलेलं असतं, शोधताना गोंधळू नका). दुसरा आधार जिल्हा न्यायालयांच्या २००९ च्या माहिती अधिकार नियमांचा, म्हणजे थोडक्यात ही माहिती गोपनीय. आता बघा, पहिलं कारण आहे दुसऱ्या उमेदवारांच्या खासगीपणाचं आणि दुसरं आहे ऑफिसच्या स्वतःच्या गुप्ततेचं. दोन्ही एकाच पत्रात, एकाच सहीखाली. उमेदवारांची काळजी म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं किती खरंच उमेदवारांसाठी असतं आणि किती निवड करणाऱ्यांना कोणी प्रश्न विचारू नयेत म्हणून असतं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. खालच्या पायऱ्यांवर नकारच कायम राहिला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्या. महेश सोनक आणि न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि मार्क द्यायला सांगितलं. भरतीच्या तयारीला लागलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असं माझं प्रामाणिक मत आहे, निदान त्यातला मुद्दा तरी समजून घ्यावा, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

मुद्दा कळायला तेव्हाचं कलम कसं होतं ते आधी बघू. जुन्या ८(१)(जे) मध्ये "वैयक्तिक माहिती" एवढंच लिहून थांबलेलं नव्हतं. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी काही संबंध नसेल, किंवा ती दिल्याने त्या माणसाच्या खासगीपणात विनाकारण घुसल्यासारखं होणार असेल, तरच नकार द्यायचा होता. आणि त्यातही व्यापक जनहित मोठं आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर द्यायचीच. खाली अजून एक परंतुक (म्हणजे कलमाला जोडलेली अट) होतं, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. म्हणजे माहिती अधिकाऱ्याला नुसतं "वैयक्तिक आहे" म्हणून सुटता येत नव्हतं, त्याला एकेक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं. किती जण खरंच द्यायचे हा भाग वेगळा! बहुतेक ठिकाणी २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचं नाव टाकलं की काम भागायचं. त्या प्रकरणात एका कर्मचाऱ्याचे मेमो, त्याच्यावरची कारवाई, मालमत्ता अशी सगळी माहिती मागितली होती आणि सुप्रीम कोर्टाने ती वैयक्तिक ठरवली, तेव्हापासून तो निकाल म्हणजे माहिती अधिकाऱ्यांच्या खिशातला रबरी शिक्का झालाय.

कोर्ट भरतीच्या केसमध्ये विरोधात जाणारं साहित्य कमी नव्हतं. २०१९ चा सुभाषचंद्र अग्रवाल निकाल, पाच न्यायमूर्तींचा, तोच ज्याने सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराखाली येतं असं ठरवलं, त्यात वैयक्तिक माहितीची जी यादी दिलीये तिच्यात मार्क, ग्रेड, उत्तरपत्रिका हे शब्द चक्क आहेत. २०१८ चा यूपीएससीचा अंगेश कुमार निकालही आहे, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की नागरी सेवा परीक्षेचे मार्क यांत्रिकपणे जाहीर करा असं सांगता येणार नाही. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटेल की अर्जदाराची केस हरलेलीच होती.

हायकोर्टाने काय केलं, तर कागदावर "मार्क" लिहिलंय एवढ्यावर न थांबता ते मार्क कशाचे आहेत ते बघितलं. जाहीर जाहिरात देऊन, सार्वजनिक पदासाठी, सार्वजनिक पैशातून पगार मिळणाऱ्या जागेसाठी घेतलेली स्पर्धा. हे तुमच्या मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकातले मार्क नाहीत. ही प्रक्रियाच सार्वजनिक, त्यामुळे तिच्यातले मार्क कळल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडत नाही, आणि उलट ते लपवले तर नसलेल्या शंकाही तशाच घोळत राहतात, असा एकूण सूर. विधिमंडळाच्या परंतुकाचाही विचार झाला, आणि तोही साधा आहे, उद्या विधानसभेत एखाद्या आमदाराने या भरतीचे मार्क विचारले तर सरकार नाही म्हणू शकेल का?

हा शंकेचा मुद्दा पुण्यात बसून कोणी हलक्यात घेऊ नये. २०१९-२० च्या टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, काय झालं आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे सायबर पोलिसांनी ते प्रकरण बाहेर काढलं, पुण्यातच मुख्यालय असलेल्या राज्य परीक्षा परिषदेच्या तेव्हाच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि शेवटी ७,८०० हून जास्त उमेदवार गैरप्रकारात निघाले, नापास असलेल्यांचे मार्क वाढवून त्यांना पास दाखवलं होतं. हे सगळं मार्कांच्या तक्त्यात घडलं. ज्या तक्त्याला "वैयक्तिक माहिती" म्हणून कुलूप लावायचं, चोरी नेमकी त्या तक्त्यात होते. कोर्टाच्या क्लार्क भरतीत तसं काही झालं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, कोणी तसा आरोपही केलेला नव्हता, पण स्वच्छ भरती स्वच्छ आहे हे तरी कशावरून कळणार?

बरं, आता दुसरी बाजू, आणि ती मी नुसती तोंडदेखली घेत नाहीये. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची ९० हजारांहून जास्त हॉलतिकिटं टेलिग्रामवर फिरली होती. हॉलतिकिटावर काय काय असतं बघा, नाव, फोटो, सही, बैठक क्रमांक. परीक्षेच्या आठवड्यात लाखभर पोरापोरींच्या सह्या आणि फोटो कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये गेले असतील याचा हिशोब नाही. त्यात मुलीही होत्या, घरच्यांना न सांगता फॉर्म भरलेलेही असतील, आहे त्या नोकरीत साहेबाला कळू नये म्हणून गुपचूप परीक्षा देणारे तर नक्कीच असतील. यातून जनतेला काय कळलं? काही नाही. भरती नीट झाली का हे त्या फोटोतून कळत नाही. म्हणून खासगीपणाचा मुद्दा आला की लगेच "लपवाछपवी" म्हणून ओरडणाऱ्यांचं मला पटत नाही. एकाच परीक्षेच्या कागदांमध्ये काही रकाने उघडे हवेत आणि काही बंद हवेत, आणि ते वेगळे काढायचं काम कोणीतरी डोकं लावून करायला हवं, माझं म्हणणं एवढंच आहे.

ते करून बघू. कुठल्याही भरतीची अंतिम एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. डावीकडून बैठक क्रमांक, नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, मोबाइल, पत्ता, मग लेखीचे मार्क, टायपिंगचे, मुलाखतीचे, बेरीज, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

मोबाइल आणि पत्ता झाकायचा, यात वादच नाही, ते कळल्याने निवड बरोबर की चूक यावर शष्प प्रकाश पडत नाही. पूर्ण जन्मतारीख झाकावी, पण वयाची अट किंवा समान मार्क असल्यावर वयाने मोठा तो वर असा नियम लावला असेल तर निदान वर्ष तरी लागतं. प्रवर्ग उघडा हवा, नाहीतर कटऑफ तपासणार कसा, खुल्या जागेवर कोण आणि राखीव जागेवर कोण हे कळल्याशिवाय यादीला काही अर्थ नाही. नावाच्या रकान्यात मी फरक करेन: ज्यांची निवड झाली त्यांचं नाव उघडं, कारण ते आता जनतेच्या पैशातून पगार घेणार आहेत आणि निवड यादीत तसंही छापलेलं आहे, पण ज्यांची झाली नाही त्यांचा फक्त बैठक क्रमांक आणि मार्क. नापास झालेल्या पोराचं नाव आणि त्याचे मुलाखतीतले मार्क त्याच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरावेत याने कोणाचं काय भलं होणार आहे?

मुलाखतीचा रकाना मात्र उघडाच हवा, तोच सगळ्यात जास्त. लेखीत पुढे असलेला माणूस मुलाखतीत घसरतो आणि मागचा वर येतो, कधी ते अगदी रास्त असतं आणि कधी नसतं, पण सगळा संशय जमा होतो तो तिथेच. इथे ऑफिसचं एक म्हणणं मी मान्य करतो. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कोणी किती मार्क दिले हे नावानिशी बाहेर आलं तर उद्या त्यांच्या दारात लोक उभे राहतील. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला, तेव्हाही परीक्षकाची ओळख झाकायचीच असं सांगितलं, आणि ते योग्यच आहे. ही गुप्तता मला पटते. परीक्षक झाका, पण त्याने दिलेला आकडा झाकू नका.

असं कागदाचा काही भाग काळा करून बाकीचा द्यायची सोय कायद्यात पहिल्यापासून आहे, कलम १०. ऑफिसांना ते नको असतं, कारण कटकट आहे, पानापानावर काळा मार्कर मारा, मग उजेडात धरलं की खालचं दिसतंय म्हणून त्याची परत झेरॉक्स काढा आणि ती द्या. सगळा कागद नाकारणं दोन ओळींत होतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त नकारांमागे ना गुप्तता असते ना खासगीपणा, ही कटकट असते. त्रयस्थ व्यक्तीचं कलम ११ आहे तेही असंच वापरतात: ज्याची माहिती आहे त्याला ५ दिवसांत नोटीस द्या, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस द्या, ४० दिवसांत निर्णय घ्या, असं ते आहे, पण "त्यांनी संमती दिली नाही" म्हणून नकाराची पत्रं निघतात. कायद्यात त्रयस्थाला म्हणणं मांडायचा हक्क आहे, नकाराधिकार नाही. निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

इथपर्यंत केस अर्जदाराने जिंकलेली. पण २०२४ च्या या निकालावर विसंबून आज कोणी अर्ज टाकणार असेल तर थांबा, मधल्या काळात खालची जमीन सरकलीये.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यातून पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. कंपन्यांनी लोकांचा डेटा कसा वापरावा यासाठीचा कायदा, पण त्याच्या कलम ४४(३) ने जाता जाता माहिती अधिकारातलं ८(१)(जे) बदलून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि त्यांच्याबरोबर हा बदल लगेच लागू झाला, कंपन्यांना तयारीसाठी मुदत आहे, याला नाही. आता त्या कलमात उरलंय एवढंच, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, गेलं. विनाकारण घुसखोरी होते का, गेलं. विधिमंडळाचं परंतुक, तेही गेलं. ज्या वाक्यांवर हायकोर्टाने पुण्याच्या केसचा डोलारा उभा केला तीच वाक्यं आता कायद्यात नाहीत.

सरकारचं म्हणणं असं की काळजी नको, कलम ८(२) आहे ना. ते आहे, खरंय. ८(२) असं सांगतं की १९२३ चा शासकीय गुपितं कायदा असो की ८(१) मधले अपवाद असोत, माहिती दिल्याने होणारं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येईल. चांगलं कलम आहे, सरकारी गुपितांनाही लागू होतं, पण फरक बघा कुठे पडतो. आधी अधिकाऱ्याला नकार देण्याआधी दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या, आता वैयक्तिक म्हटलं की नकार तयार आणि जनहित आहे हे दाखवायचं ओझं व्यवहारात तुमच्या डोक्यावर. त्यात गंमत अशी की कलम ६(२) म्हणतं अर्जदाराला कारण विचारायचं नाही. म्हणजे कारण विचारायचं नाही पण कारण दिल्याशिवाय मिळायचंही नाही! आणि हे सगळं महाराष्ट्रात १५० शब्दांत बसवा, कारण आपल्याकडे २०१२ पासून अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा नियम आहे.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की खासगीपणा जपायला जुनं कलम पुरेसं होतं. हॉलतिकिटं, मोबाइल नंबर, आजारपणाचे कागद, जुन्या शब्दांतही कोणी देऊ शकलं नसतं. नव्या शब्दांनी जादा संरक्षण मिळालं ते मुलाखतीच्या रकान्याला, आणि त्या रकान्यात खासगी असं काय आहे हे मला कोणी समजावून सांगावं.

तरी हातपाय गाळायचं कारण नाही. आज तीच भरती, तोच उमेदवार असता तर मी त्याला अर्ज असा लिहायला सांगितला असता:

"आपल्या कार्यालयाच्या सदर भरती प्रक्रियेतील निवड झालेल्या उमेदवारांचे प्रवर्गनिहाय लेखी, टायपिंग व मुलाखतीचे गुण आणि माझे स्वतःचे गुण मिळावेत. निवड न झालेल्या उमेदवारांचे गुण केवळ बैठक क्रमांकासह द्यावेत. पत्ता, मोबाइल क्रमांक, जन्मदिनांक व परीक्षकांची नावे नको आहेत, ती कलम १० नुसार वगळावीत. सार्वजनिक पदावरील निवड गुणवत्तेनुसार झाली हे पडताळणे व्यापक जनहिताचे असल्याने कलम ८(२) नुसार विचार करावा व नकार असल्यास त्यावरील कारणमीमांसा नोंदवावी."

शंभर शब्दांच्या आत बसतं. यात नको असलेलं आपणच काढून टाकलंय, त्यामुळे "खासगीपणाचा भंग" म्हणायला अधिकाऱ्याकडे फार काही उरत नाही, आणि शेवटच्या वाक्यामुळे ८(२) चा विचारच केला नाही तर पहिल्या अपिलात तोच मुद्दा हातात राहतो. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, ३० दिवस मोजा. अपील ३० दिवसांच्या आत, त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांच्या आत पुण्याच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, तिथे मात्र संयम ठेवा.

याहून सोपा रस्ता जाहिरातीत आहे. कायद्याने जे आधीच जाहीर करायचं बंधन आहे ते नवा डेटा कायदा अडवत नाही. म्हणजे निवड झालेल्यांचे मार्क संकेतस्थळावर प्रसिद्ध केले जातील हे भरतीच्या नियमात आणि जाहिरातीतच असेल तर फॉर्म भरणाऱ्याला आधीच माहीत, मागाहून कोणाचा खासगीपणा मोडला असं होत नाही आणि अर्ज-अपिलं पण वाचतात. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली बघायला मिळण्याची पद्धत पडली ती अशीच, मागणी येण्याआधी दार उघडं ठेवून. विद्यार्थी संघटनांनी अलका चौकात आंदोलनाला बसताना परीक्षा पुढे ढकला, जागा वाढवा या मागण्यांबरोबर ही एक ओळ पण घालावी, खर्च शून्य आहे.

एक गाठ मात्र मला अजून सुटलेली नाही, ती म्हणजे प्रमाणपत्रांची. २०२४ मध्ये पुण्यात प्रशिक्षणार्थी असलेल्या आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण सगळ्यांनी पाहिलं, नॉन-क्रिमीलेअर आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून प्रश्न उठले आणि ३१ जुलै २०२४ ला यूपीएससीने उमेदवारी रद्द केली. कागद चर्चेत आले नसते तर हे झालं नसतं, हे उघड आहे. पण त्याच न्यायाने उद्या प्रत्येक दिव्यांग उमेदवाराचा वैद्यकीय अहवाल कोणीही १० रुपयांत मागायला लागला तर? खरोखर दिव्यांग असलेल्या, कष्टाने लागलेल्या मुलीला आपल्या आजाराची कहाणी ऑफिसात चर्चेला आलेली कशी चालेल? इथे मी अहवाल द्यायच्या विरोधात आहे. प्रमाणपत्र कुठल्या मंडळाने दिलं, कुठल्या तारखेला, भरती करणाऱ्याने त्याची पडताळणी केली का आणि निष्कर्ष काय, एवढं द्यावं, आजाराचं नाव आणि तपासण्या नाही. क्रिमीलेअरच्या बाबतीत उत्पन्नाचे आकडे द्यावेत की फक्त पडताळणीचा निकाल, यावर माझं मत अजून पक्कं होत नाहीये, कारण खोटं करणारा नेमकं पडताळणी करणाऱ्यालाच खिशात घालतो.